मौंजीबंधनातला अनुस्वार

कागद कापायचं घरगुती मशीन आम्ही दोघींनी एकाच सुमारास घेतलं, मी देवासला आणि माझ्या धाकट्या जावेनं धारला. तिच्या कागदी मोरांची पिसं केसासारखी बारीक यायची. माझ्या कडांना कुसं निघायची, कोपरे फाटायचे. फॅमिली ग्रुपवर तिचे फोटो आले की मी अंगठा टाकायची आणि फोन पालथा ठेवायची.

तिच्या मुलाच्या मुंजीच्या महिनाभर आधी मी धारला गेले. टेबलावर साठ पत्रिका होत्या. अक्षरं आरपार कापलेली, खालून लाल कागद दिसणारा. एकही कड खराब नव्हती. मला बघवेना. मग दिसलं, 'मौंजीबंधन'चं 'मौजीबंधन' झालं होतं.

"वहिनी, एक नजर टाका ना," ती म्हणाली. "मी पडले हिंदी मीडियमची. मराठी वाचताना अटकते."

"छान झाल्यात," मी म्हणाले. आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्रिका पाकिटांत भरायला बसली. तिनं पहिलं पाकीट चिकटवायला घेतलं तसं मला राहवेना.

"थांब. 'मौ'वर टिंब हवं."

"आत्ता दिसलं?"

"काल."

तिनं पाकीट खाली ठेवलं. मग उठून दाभण आणि खोडरबर घेऊन आली. आतला लाल कागद बाजूला सारून, खोडरबर खाली ठेवून आम्ही एकेका पत्रिकेला टिंब पाडत बसलो. तिसाव्या पत्रिकेच्या सुमारास मी विचारलं, "तुझ्या कडा इतक्या साफ कशा येतात?"

"ब्लेड किती बाहेर काढता?"

मी सांगितलं.

"निम्मं करा. टोकात कागदाचा कण अटकतो, तो दर वेळी काढायचा. आणि मशीनच्या चिकट मॅटवरून कागद ओढू नका. मॅट पालथी करून मॅटच वाकवायची, कागद आपोआप सुटतो." मग म्हणाली, "पहले पूछ लेतीं ना, वहिनी."

देवासला येऊन तसंच केलं. तिसऱ्या खेपेला जास्वंदीचं फूल अख्खं सुटून आलं.

मुंजीत बदनावरहून आलेल्या एका मावशींनी पत्रिका कुणी केल्या म्हणून विचारलं. जाऊ म्हणाली, "आम्ही दोघींनी." मावशींनी माझंही कौतुक केलं. मी हसले आणि पंगतीत वाढायला निघून गेले. तिच्या हाताचा हेवा तोवर ओसरत आला होता. पण असं सहज म्हणणं मला जमलं नसतं, हे मला दिवसभर टोचत राहिलं.