मावशीने सुधारलेली जाहिरात

मावशी गेली तेव्हा जो तो हेच म्हणत होता, की तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. खरंय, नजर तशीच होती. पण शेवटची काही वर्षं तिने ती नजर वापरायचीच सोडून दिली होती. का सोडली ते घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलोय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होती. लांबलचक टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि एका बाजूने शर्ट यायचे ते येतच राहायचे. शर्ट उलटा करायचा, काखेत बोटं घालायची, कॉलर दोन्ही हातांनी ताणायची. टाका सुटलेला दिसला की तिथे लाल चिकटपट्टीचा बाण लावायचा आणि माल दुरुस्तीला परत. नुसतं खराब म्हणून फेकायचं नाही, काय केलं म्हणजे नीट होईल ते शिलाईवालीला सांगायचं, अशी तिथली पद्धत. ती मावशीच्या हाडात मुरली. कुणाकडे चहा प्यायली तरी सांगणार, छान झालाय हो, फक्त पाणी अजून उकळू द्यायचं. नवऱ्याशी तिचं पटलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "त्यालाही बाण लावला, दुरुस्तीला पाठवला, तो तिकडचाच झाला."

अक्का म्हणजे आमच्या आईची आणि मावशीची थोरली बहीण. तिचा मावशीवर फार विश्वास. चादर घ्यायची असो की चप्पल, आधी मावशीला दाखवणार, मग पैसे देणार. "धाकटीच्या हाताखालून गेलंय ना, मग झालं," हे अक्काचं ठरलेलं बोलणं.

पुढे कारखाना बंद पडला, मावशीचे गुडघेही बसले, आणि ती अक्काकडे राहायला आली. अक्काचा नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे, दुसरं काही नाही. अक्काला साखर होती. रोज पोटात सुई. "माझ्या पोटाची चाळणी झाली, आता पीठ तेवढं चाळायचं राहिलंय," म्हणायची.

मावशीला रिकामं बसवत नाही म्हणून ताईने तिच्या मोबाइलवर एक काम लावून दिलं. कंपन्या जाहिराती करतात, त्या लोकांपुढे आणायच्या आधी साध्या माणसांना दाखवतात. बघायचं आणि विचारतील ते लिहायचं. काय समजलं, विश्वास बसला का, काय बदललं तर बरं होईल. त्याबदल्यात मोबाइलचं रिचार्ज सुटायचं. मावशीला तर हे आपलंच टेबल परत मिळाल्यासारखं झालं.

दुपारी जेवणं आटोपली की दोघी टेबलाशी बसायच्या. मावशी बघणार, अक्का शेजारून टिंगल करणार. अक्काचा चष्मा दोरीला बांधलेला असायचा, तो चढवून ती मोबाइलमध्ये डोकं घालायची.

"ही बाई गादीवर झोपलीय का फोटो काढायला पडलीय?" अक्का विचारायची.

"कानात एवढे मोठे झुमके. झोपताना कोण घालतं?" मावशी म्हणायची आणि लिहायची, झुमके काढा, केस थोडे विस्कटा, म्हणजे खरंच झोप लागली असं वाटेल.

फरशी पुसायच्या काठीची जाहिरात आली तेव्हा लिहिलं, फरशी आधीच चकचकीत आहे, पुसून काय दाखवता, आधी घाण दाखवा. कधी कुणाला वाईट बोलली नाही आणि कधी खोटं गोडही बोलली नाही. तिचं लिहिणं कंपनीला आवडायचं, जास्त जाहिराती तिच्याकडे यायला लागल्या.

एका दुपारी एका पावडरची जाहिरात आली. पांढरा कोट घातलेला देखणा माणूस, मागे काचेची कपाटं, आणि तो सांगतोय की ही पावडर घ्या, साखर मुळापासून जाईल, शंभर टक्के खात्री.

अक्का म्हणाली, "कोट भाड्याचा आहे बघ. खांद्यावर उतरतोय."

"खांदा उतरतोय खरा," मावशी म्हणाली. "आणि असा नटासारखा डॉक्टर कधी पाहिलाय का कुणी? शंभर टक्के म्हणतो, म्हणजे लबाडच वाटतो."

"मग काय लिहिणार?"

मावशीने थोडा विचार केला आणि बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं. डॉक्टर काढून टाका. एखादी साधी वयस्कर बाई दाखवा, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी, चष्मा दोरीला बांधलेला, हातात कप. तिने शंभर टक्के म्हणू नये. मला बरं वाटलं एवढंच म्हणावं. आणि सुयांनी कंटाळले होते असं म्हणावं, कारण साखरेच्या माणसाचं खरं दुखणं ते आहे.

"मलाच घातलंस की गं त्यात," अक्का म्हणाली. खूश झाली होती.

पावडर खरी का खोटी, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही. टेबलावर शर्ट आला की टाका बघायचा असतो, तो शर्ट कोण घालणार आणि घालून कुठे जाणार हे चेकिंगवालीचं काम नाही. मावशी आयुष्यभर तसंच करत आली होती.

काही महिन्यांनी ती जाहिरात सगळीकडे दिसायला लागली. स्वयंपाकघर, दोरीचा चष्मा, हातात कप. मावशीने आमच्या आईला मुद्दाम फोन केला. "बघितलंस का? माझं ऐकलं त्यांनी. शब्दसुद्धा माझेच ठेवलेत." एवढा आनंद तिला कारखान्यातसुद्धा कधी झाला नसेल.

मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अक्काचा तिसरा मजला, जिना चढायचा कसा, म्हणून ती आमच्याकडे येऊन राहिली. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या. सुई घेतलीस का, मावशी विचारायची. घेतली बाई, अक्का म्हणायची. ते खोटं होतं. अक्काने पावडर मागवली होती आणि सुया बंद केल्या होत्या. हे फक्त खालच्या इस्त्रीवालीला माहीत होतं. तिला अक्काने सांगून ठेवलेलं, धाकटीला बोलू नकोस, ती आली की रिपोर्टच पुढ्यात ठेवते, बघू दे तिला.

रिपोर्ट काढायची वेळच आली नाही. चार हाका मारून दार उघडेना म्हणून इस्त्रीवालीनेच ते तोडायला लावलं. अक्का बेशुद्ध होती. मावशी काठी टेकत दवाखान्यात पोचली तोवर ताई येऊन बसलेली. सुया बंद होत्या, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. अक्का मधे एकदा शुद्धीवर आली. ताई डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली होती, मावशी एकटीच पलंगाशी होती.

"सुया का बंद केल्यास गं?" मावशीने विचारलं.

"पावडर घेत होते."

"कसली पावडर?"

अक्काचं तोंड कोरडं पडलं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "आपली ती. तू पास केलेली."

"मी जाहिरात बघितली गं अक्का. पावडर नाही बघितली."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, मावशी म्हणायची, राग असता तर बरं झालं असतं. लहान मुलाला गणित सांगावं आणि त्याला कळू नये तसं बघत होती. म्हणाली, "तुझ्या हाताखालून गेलं होतं ना." परत डोळे मिटले, ते मिटलेच. दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

मावशीला रडता येईना. ती ताईच्या समोर यायचं टाळायला लागली. ताई खोलीत आली की हिला पाणी प्यायला जायचं असायचं. ताईला वाटलं, गुडघा दुखतोय. पुढे मावशीला जिना चढता यायला लागला, तेव्हा एकदा ताई अक्काचं कपाट आवरायला बसली, मावशी पलंगाच्या कडेवर. साड्यांच्या मागे पावडरचे डबे निघाले, एकावर एक रचलेले.

"हे कुणी घ्यायला लावलं असेल हिला?" ताई म्हणाली. "आई अशी नव्हती गं मावशी. तुला विचारल्याशिवाय ती रुमालसुद्धा घ्यायची नाही."

मावशीला गप्प बसता आलं असतं. ताईला कधी कळलंही नसतं. पण खोटं गोड बोलणं तिला जमतच नव्हतं.

"मला विचारूनच घेतलीय," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं, कोट, चष्मा, सुयांचा कंटाळा, सगळं. "ती जाहिरात आधी कुणाला पटली नसती. पटेल अशी मी केली."

ताईच्या हातात डबा तसाच राहिला. म्हणाली, "ते काम मीच लावून दिलं होतं तुला."

"तू नको मधे येऊस. तुझं त्यात काही नाही."

"मग तुझं तरी काय आहे?"

"माझं आहे," मावशी म्हणाली. दोघींनी मिळून कपाट आवरलं.

तक्रार केली आम्ही. तपासत आहोत असं उत्तर आलं, पुढे काही नाही. आणि एका दुपारी मावशीच्या मोबाइलवर त्याच पावडरची नवी जाहिरात आली, मत द्यायला. तीच बाई, तोच कप, फक्त आता शेजारी नातवंड होतं. खाली विचारलेलं, विश्वास बसला का, काय बदललं तर बरं होईल. मावशीने लिहिलं, आमची बहीण याने गेली. मग ते वाचत बसली आणि पुसून टाकलं. आईने विचारलं, का पुसलंस?

"काय लिहू? घाबरवलं तर ते म्हणतील, भीती वाटते, अजून गोड करा. शिव्या दिल्या तर त्या कुठे लागल्या ते बघून तिथलं नीट करतील. मी जे लिहीन त्याने ती सुधारणारच आहे."

ते काम तिने मोबाइलमधून काढून टाकलं. तिथवर ठीक होतं. पण त्या दिवसापासून तिने कुणालाच काही सांगायचं बंद केलं. चहा पाणचट असला तरी छान. भिंतीला रंग कुठला देऊ, कुठलाही दे. घरात आरसा फुटावा आणि कुणी बोलू नये तसं झालं. आम्ही मुद्दाम चुका करून बघायचो, ती बघून न बघितल्यासारखं करायची.

ताई मात्र हट्टी. ती शिवणाच्या क्लासला जायला लागली, हे मावशीसाठीच, आम्ही समजून होतो. पहिला ड्रेस शिवून अंगावर घालूनच आली. एक बाही चढलेली, एक उतरलेली, आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बघ ना मावशी, कसा झालाय. खरं सांग."

मावशीने तिला जवळ घेतलं. हात सवयीने काखेत गेला, शिवणीवरून फिरला, एका जागी थांबला. मावशीचे ओठ हलले, आम्हाला वाटलं, आता बोलते.

"छान झालाय," मावशी म्हणाली.

"बाही बघितलीस का?"

"बघितली. छान आहे."

ताई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत तेच म्हणत राहिली, छान झालाय गं, छान झालाय.