सव्वा महिन्याचा मुक्काम
ओव्याच्या धुरीचा वास आला की फलटणजवळची साखर कारखान्याची चाळ आठवते. आटपाडीकडचा दुष्काळ सोडून आम्ही तिथं गेलो होतो. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला सासूबाई गावाहून सव्वा महिन्यासाठी आल्या. मला धुरी देताना म्हणाल्या, “हितं आलेल्या बायका दोन-तीन पोरांवरच थांबत्यात व्हय गं? मला नऊ झाली.” मला तर तिसऱ्याच्या विचारानंच कापरं भरायचं. मी त्यांच्यापुढं कधी बोलत नसे, पण तोंडून गेलं, “आवं आत्याबाई, त्यातली जगली किती?” निखाऱ्याकडं बघत त्या म्हणाल्या, “तीन.” पुढं दोन वर्षं त्या गावी गेल्याच नाहीत. माझं अंथरूण आपल्याशेजारी घालायच्या. आमचे हे कुरकुरले की म्हणायच्या, “तू भाईर पड जा, गार वारं लागंल.” तेवढी निवांत झोप मला पुन्हा कधी लागली नाही.