कानानं पेन पारखणारा

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी मिरजेला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत होतो. माझं नवं पेन सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गळलं आणि सदऱ्याचा खिसा निळा झाला. तेव्हा रोजच्या लिखाणाला जुनं पण दणकट पेन घ्यावं म्हणून मी सतारीच्या दुकानांशेजारी बसणाऱ्या पेनवाल्याकडे गेलो.

त्याचं नाव मी कधीच विचारलं नाही. त्यानं एक काळं पेन धोतरावर खसाखसा घासलं, हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं. जळक्या रबराचा वास आला.

"एबोनाइट हाय, कडक रबर. तुमचा नातू लिवंल ह्यानं."

मी रिवाजाप्रमाणे 'श्री' लिहून पाहिलं. ते त्याला पटलं नाही.

"श्री समद्याच पेनांनी झ्याक उठतं. रोज काय लिवता ते लिवा."

मी उसाला पाणी मागणाऱ्या शेतकऱ्यांचे अर्ज बघत असे. मी 'नामंजूर' लिहिलं. शेजारचे सतारवाले तार ऐकतात तसा तो कागदाशी कान नेऊन ऐकत होता.

"खरखरतंय," तो म्हणाला. त्यानं निब बदलली, घासली. मी पुन्हा 'नामंजूर' लिहिलं, पुन्हा खरखर.

"आता म्होरला 'ना' सोडून लिवा."

'मंजूर' लोण्यासारखं उमटलं.

"पेनात खोट न्हाई सायेब. त्यो शबुद तुमी दाबून लिवताय." पेन पुसून त्यानं माझ्या खिशाला लावलं. "टिकवायचं आसंल, तर ह्यो दुसराबी मधनंमधनं लिवत जावा."

पेन अजून चालतं. म्हणजे अधूनमधून तरी मी त्याचं ऐकलं असणार.