तुमचा डावा वर घ्या

गोधडीचा फोटो काढणं ही काय डोकेदुखी आहे, ते ज्याने काढलाय त्यालाच कळतं. दोरीवर टाकली तर मधून झोळ पडतो. चिमटे लावले तर जुनं कापड नेमकं तिथेच फाटतं. जमिनीवर पसरून वरून काढावा, तर स्टुलावर चढलेल्या माणसाची सावली मधोमध येऊन बसते. बाईंनी हे सगळे उद्योग करून पाहिले आणि शेवटी आपल्या नवऱ्यालाच गोधडीच्या मागे उभं केलं. उंच माणूस, लांब हात, स्वभाव सोशिक. वरचे दोन कोपरे मागून चिमटीत धरायचे, हात ताणायचे आणि फोटो निघेपर्यंत हलायचं नाही, एवढंच त्यांचं काम. त्यानंतर बाईंनी काढलेल्या प्रत्येक फोटोत काका आहेत आणि एकाही फोटोत दिसत नाहीत. फार तर खाली बुटांची टोकं दिसतात.

बाईंचे वडील शिंपी होते. त्यांच्या मशीनखाली पडलेल्या चिंध्या हेच बाईंचं लहानपणचं खेळणं. पुढे गाद्यांच्या कारखान्यात त्यांनी खोळी शिवल्या, उभी हयात सरळ शिलाई मारली, आणि घरी येऊन रात्रीचं जेवण उरकलं की मनासारखी वाकडीतिकडी गोधडी शिवत बसल्या. काका बेकरीची व्हॅन चालवायचे. लेक लग्न होऊन लांब गेली, काका निवृत्त झाले, बेकरीने जुनी व्हॅन त्यांच्याच गळ्यात मारली, आणि बाई म्हणाल्या, ‘चला, आता माझ्या मनासारखं फिरू.’ म्हणजे हिंडायचं, गावोगावी बायकांना गोधडी शिकवायची, आणि घराघरांत कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या गोधड्यांचे फोटो काढायचे. व्हॅनला पावाचा वास होता तो शेवटपर्यंत गेला नाही. कुठेही पोचले की आधी कुत्री मागे लागायची.

शिकवण्यात बाई भारी कडक. कधी वाचनालयाचा हॉल, कधी सुट्टीतल्या शाळेचा वर्ग. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या मोठ्या बायका, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या बाई. खाली अस्तर, मध्ये जुनी चादर, वर ठिगळं, आणि तिन्हींतून जाणारा धावदोरा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. त्याहून मोठा आला की उसवा. कोणी कौतुकाने गोधडी पुढे केली की बाई आधी ती उलटी करायच्या. ‘पुढून सगळ्याच छान दिसतात हो. मागे काय गोंधळ घातलाय ते बघू दे,’ म्हणायच्या, आणि गाठी, तुटलेले दोरे, चुकलेले टाके बरोबर शोधून काढायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं बायका म्हणायच्या. बाईंनाही ते ऐकायला आवडायचं.

शेवटच्या दिवशी बायका घरच्या जुन्या गोधड्या आणायच्या. मग काका मागे, बाई पुढे. सुरुवातीला यावरून रोज भांडण व्हायचं, कारण बाई म्हणणार ‘उजवा वर घ्या’ आणि समोर तोंड करून उभे असलेले काका आपला उजवा वर घेणार, म्हणजे बाईंचा डावा. शेवटी तह झाला. बाईंनी काकांच्या बाजूने बोलायचं: ‘तुमचा डावा, तुमचा उजवा.’ काका स्वतःला खुंटी म्हणवून घ्यायचे. कोणी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ की म्हणायचे, ‘मी यांची खुंटी. चालती-बोलती.’

या फोटोंचं पुस्तक करायला एक प्रकाशक तयार झाला तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यात खोळी शिवणारीचं पुस्तक! पण हिवाळा संपता संपता प्रकाशकाचा फोन आला. ‘बाई, फोटो सुरेख आहेत, पण हल्ली वरचा उजवा कोपरा सगळीकडे उतरलाय. छापलं तर लोक म्हणतील, आम्हीच वाकडं लावलं. तेवढं बघाल का?’

बाईंनी फोन ठेवला आणि काकांकडे असं पाहिलं, की काकांनी हातातला चहा खाली ठेवला.

पुढच्या गावी भर वर्गात सुरू झालं. ‘अहो, तुमचा डावा वर घ्या!’

कोपरा वर गेला. बाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला, तोवर पुन्हा हळूहळू खाली.

‘डावा, डावा! मागे झोपलात की काय?’

‘मी जागा आहे गं,’ गोधडीमागून आवाज आला. ‘डावा झोपलाय.’

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. खरं तर त्या वाक्यात सगळं होतं. काका आयुष्यभर खरं बोलायचे ते असंच, थट्टेत गुंडाळून, आणि बाईंना चाळीस-एक वर्षांच्या संसारात ते ठाऊक असायला हवं होतं.

बाकीचीही लक्षणं काही लपून नव्हती. गाडी चालवताना काका उजवा हात आडवा नेऊन गिअर टाकायला लागले. ‘हा काय नवीन नखरा?’ ‘स्टाइल आहे.’ शर्टाची बटणं लावायला त्यांना इतका वेळ लागायचा की बाई दारात उभ्या राहून नावं ठेवायच्या. लेकीशी व्हिडिओवर बोलताना तिच्या डोळ्यांदेखत त्यांच्या हातून कप निसटला.

‘आई, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखव ना.’

‘दाखवते गं. एवढी चार गावं उरकू देत. तारखा दिल्यात, बायका वाट बघत बसतात.’

‘तुझी आई कप तेलकट ठेवते, दुसरं काही नाही,’ काका म्हणाले आणि फरशी पुसायला वाकले.

त्यांना कळत होतं. हात आपला राहिला नाही, हे ज्याचा हात असतो त्याला कळतंच. पण त्यांनी बायकोला कारखान्याच्या गेटातून मान खाली घालून बाहेर येताना कितीतरी वर्षं पाहिलं होतं, आणि आता ती अनोळखी गावात व्हॅनमधून उडी मारून उतरायची तेही पाहत होते. आपण बोललो की हे सगळं थांबणार, म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. आणि बाई? एकदा व्हॅनच्या आरशात त्यांना काका डावा हात मांडीवर ठेवून उजव्याने चोळताना दिसले, आणि विचारायला त्यांनी तोंड उघडलं. उघडलंच. मग पुढचं गाव आलं, बायका दारातच उभ्या होत्या, आणि तो प्रश्न तोंडातच राहिला. दोघांनी मिळून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, दुसऱ्या कोणाला दोष द्यायची सोय नाही.

बाईंनी मग जे केलं ते फक्त शिवणारी बाईच करेल. कोपरा उतरतोय ना, मग कोपऱ्याचा बंदोबस्त करायचा. एका दुपारी वर्ग सुटल्यावर त्यांनी जुन्या जीन्सचा कमरेचा पट्टा उसवला, दुहेरी करून त्याची मनगट जाईल एवढी कडी शिवली. ही कडी गोधडीच्या पाठीवर कोपऱ्याशी कच्च्या टाक्यांनी अडकवायची, काकांनी त्यात मनगट घालायचं. बोटांनी धरायची गरजच नाही, सगळा जोर हात वर ठेवण्यात लावायचा. फोटो झाला की दोरा ओढायचा, कडी सुटते, गोधडीला कळतही नाही. माप घेताना बाईंनी त्यांचा हात हातात घेतला होता. हात गार होता.

‘हातमोजे घालत जा,’ बाई म्हणाल्या, आणि टेपवरचा आकडा वाचला.

युक्ती अशी साधली की विचारू नका. दोन्ही कोपरे एका रेषेत. प्रकाशक खूश. बाई इतक्या हरखल्या की त्यांनी ती कडी वर्गात शिकवायला घेतली. ‘घरात फोटोसाठी गोधडी धरायला कोणी असेल आणि त्याचा हात उतरत असेल, तर बोलून तोंड दुखवू नका, अशी कडी शिवा.’ बायकांनी माना डोलावल्या. काकांनी नमुना म्हणून मनगट पुढे केलं.

शेवटचं गाव सूतगिरणीचं. गिरणी बंद होती, तिच्या सभागृहात वर्ग. पोस्टात काम करणाऱ्या एका मुलीने आजीची गोधडी आणली होती. गिरणीतल्या उरल्यासुरल्या सुतातून विणलेल्या कापडाची, जाड, ओल्या पोत्यासारखी जड. बाईंनी ती उलटी केली आणि पहिल्यांदाच त्यांना एकही चूक सापडली नाही. मागची बाजूही पुढच्यासारखीच होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हीच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. कडी अडकवली, काकांना मागे उभं केलं, खिडक्या उघडायला लावल्या.

गोधडी सरळ होती. मग एकदम उजवीकडे कलली आणि सगळीच्या सगळी खाली गेली. मनगट कडीत असल्यामुळे ती काकांच्या मागोमाग ओढली गेली आणि खाली पडलेल्या त्यांच्या अंगावर आली.

‘गोधडी सांभाळा!’ बाई ओरडल्या.

हे त्यांच्या तोंडून पहिलं निघालं. सगळ्यांनी ऐकलं. पोस्टातली मुलगी धावली, तिने आजीच्या गोधडीकडे पाहिलंही नाही, ओढून एका बाजूला सारली, आणि खाली काका होते. तोंडाची एक बाजू ओघळलेली, एक डोळा उघडा. बाईंना कडीतून मनगट सोडवता येईना. स्वतःच घातलेले कच्चे टाके, एक दोरा ओढायचा होता, तो सापडेना. शेवटी कोणीतरी कात्री दिली.

इस्पितळात डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दिव्यावर लावले. उजव्या बाजूला गाठ होती, चांगली मोठी.

‘हात केव्हापासून उतरतोय?’

बाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला. सूतगिरणी, वाचनालय, शाळा, पुन्हा एक शाळा, अशा मागे मागे जात राहिल्या. एका निळ्या गोधडीशी थांबल्या. ‘इथे सरळ आहे. याच्या पुढचा बघा.’

डॉक्टरांनी तारीख वाचली. तेव्हा आणलं असतं तर कदाचित काढता आली असती, आता हात लावता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वाईट माणूस नव्हता, आवाज हळू ठेवला होता. मग न राहवून विचारलं, ‘तुमच्या लक्षात आलं नव्हतं का?’

‘आलं होतं,’ बाई म्हणाल्या. ‘मी पट्टा शिवला.’

डॉक्टरांना काही कळलं नाही, आणि बाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

काकांना घरी आणलं. लेक येऊन राहिली. तिने बापाला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि आईशी कामापुरतं बोलली. एकदा चादर बदलता बदलता म्हणाली, ‘पोस्टातल्या त्या मुलीचा फोन आला होता, चौकशीचा. बाबा पडले तेव्हा तू गोधडी सांभाळा म्हणालीस?’

‘म्हणाले.’

लेकीने चादरीचा कोपरा गादीखाली खोचला आणि बाहेर गेली.

काका अजून शुद्धीत बोलायचे तेव्हा बाईंनी एकदा विचारलं, ‘का नाही बोललात हो? एकदा तरी, नीट, थट्टा न करता?’

काकांनी शब्द गोळा केले. ‘तू कुठे विचारलंस? तू म्हणालीस, वर घ्या.’ थोडं थांबून म्हणाले, ‘मी घेत होतो.’

रागाने म्हणाले असते तर बाईंना सोसलं असतं. ते झालं तसं सांगत होते.

पुढे त्यांचं भान येऊन-जाऊन असायला लागलं. लेकीने एका सकाळी घर धुंडाळलं आणि विचारलं, ‘बाबांचा एकही बरा फोटो नाही? लायसनवरचा सोडून?’ इतक्या गावांचे इतके फोटो, आणि तिला हवा तो नव्हता. बाई उठल्या. काकांची दाढी केली, केस विंचरले, पाठीशी उशा देऊन बसवलं, पायांवरची गोधडी सारखी केली. खिडकीतून चांगला उजेड येत होता. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

काकांनी कॅमेरा पाहिला. पाहिला मात्र, त्यांच्या चेहऱ्यावर कामाला लागल्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी उजव्या हाताने पायांवरच्या गोधडीचा कोपरा पकडला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर उचलला, तोंडासमोर, डोक्याच्याही वर. डावा हात मांडीवरच पडलेला होता. गोधडीची ती बाजू पलंगावरून खाली लोळत होती.

‘अहो, खाली घ्या,’ बाई म्हणाल्या. ‘तोंड दिसू दे. तुमचा काढायचाय.’

हात आणखी वर गेला.

‘सरळ आहे?’ गोधडीमागून आवाज आला.

दारात लेक उभी होती. बाईंनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

‘आहे. अगदी सरळ आहे.’

तरी हात खाली येईना. कॅमेऱ्याचा आवाज झाल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, हे बाईंनीच लावलेलं वळण. बाईंनी बटण दाबलं.