पेढ्याआधी पापा

आमचे कुणी पूर्वज म्हणे दरबारी पागेवर अंमलदार होते. त्यामुळे घोड्याच्या साजातल्या प्रत्येक पट्ट्याचं नाव घरात अजून सगळ्यांना पाठ आहे. घोडा कुणीच बाळगलेला नाही. शरीराच्या चार अवयवांना मात्र ‘ते’ आणि ‘तिकडे’ यापलीकडे आमच्याकडे शब्द नाही.

मुलीच्या शाळेतून निरोप आला, की नकोशा स्पर्शाबद्दल मुलांशी घरी बोला. तो वाचताच नवऱ्याला स्कूटरमध्ये हवा भरायची आठवण झाली. हवा भरायला त्याला दीड तास लागला. तेवढ्यात मी बाहुली घेऊन सहा वर्षांच्या लेकीला सगळं सांगून टाकलं. अवयवांची खरी नावं घेतली. घेण्याआधी दार लावून घेतलं. तुझं अंग तुझं आहे, नको वाटलं तर नाही म्हणायचं, समोर कुणीही असो, आणि मला येऊन सांगायचं. तिने मान डोलावली. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की थाटीपुरातल्या दोन मैत्रिणींना फोन करून हे कळवलं.

या खुशीला कारण होतं. मी आठ वर्षांची असताना टोपी बाजारातल्या एका दुकानात जायचं म्हटलं की रडायचे. तिथले दुकानदार काका, ज्यांची आमच्याकडे घरच्यासारखी ऊठबस होती, मला आत बोलावतात, अंगाला हात लावतात, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, असं बोलू नये, घरचे आहेत ते. त्यानंतर मी आईला काहीच सांगितलं नाही. माझ्या मुलीने माझ्याशी असं गप्प होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

चार दिवसांनी दसरा आला. दसऱ्याला सगळं खानदान सराफ्याजवळ माझ्या मोठ्या काकांकडे सोनं द्यायला जमतं. काका दिवाणखान्यात खुर्चीत बसतात, शेजारी पेढ्यांचा डबा. मुलांनी आपट्याचं पान द्यायचं, पाया पडायचं, मांडीवर बसून पापा द्यायचा, मग पेढा. याला आमच्याकडे दरबारी रीत म्हणतात. कोणत्या दरबारात सरदार राजाच्या मांडीवर बसत, हे विचारायचं नसतं.

मुलीने पान दिलं, पाया पडली आणि उभी राहिली. काकांनी मांडी थोपटली.

“मला पापा नहीं देना,” असं शाळेतली हिंदी मिसळून म्हणत तिने माझ्याकडे पाहिलं.

खोलीत वीस माणसं होती. काकू हसत म्हणाल्या, आजकालची मुलं पोटातूनच शिकून येतात. काकांचा चेहरा पडला. काका साधा माणूस, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते माझ्या मुलीने कसं ओळखायचं? हा प्रश्न मला आत्ता पडतोय. तेव्हा बाहुलीसकट सगळं डोक्यातून उडालं होतं.

“दे गं,” मी म्हणाले. “आजोबाच तर आहेत.”

तिने दिला. ओठ पुसत परत आली आणि पेढा न खाता माझ्या हातात ठेवला.

परतताना ऑटोत आम्ही दोघी आणि माझी आई. नवरा स्कूटरवरून कधीच पुढे गेला होता, हवा भरपूर होती.

“तूच तर बोलली होतीस, कोई भी हो, ना बोल देना,” मुलगी म्हणाली. “वो आजोबा के लिए नहीं था क्या?”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आई म्हणाली, “अगं, घरचे आहेत ते.”

तेच वाक्य. ऑटो तेव्हा टोपी बाजाराच्या तोंडाशी गर्दीत अडकला होता. मी मुलीला सांगितलं, की ते आजोबांसाठीही होतं, चूक माझी झाली, पुढच्या वेळी मी तुझ्या बाजूने बोलेन. तिने जरा विचार केला.

“फिर आजीला पण सांग ना. तिला माहीत नाहीये.”

आई बाजाराकडे बघत होती. तशीच म्हणाली, “माहीत आहे आजीला.” मग माझ्याकडे न बघता, “तू खरं सांगत होतीस, हेही मला तेव्हा माहीत होतं.”

मला तिचा असा संताप आला की हातातला पेढा मुठीत चुरला. पण तासाभरापूर्वी मीही तेच करून आले होते.