पितांबर टेलरचे खरे चाळीस दिवस

आमच्या अमळनेरच्या ख्रिस्ती मंडळीत पितांबर याकोब नावाचा शिंपी होता. हातात कला होती, पण तोंडात कायम एकच शब्द, "उद्या." शनिवारी लग्न असलेल्या नवरदेवाला शुक्रवारी तो सांगायचा, "फक्त काजं-बटणं राहिलीत." कापड अजून पिशवीतच असायचं.

अठ्ठ्याऐंशी साली लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, सुरू झाला तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, हे चाळीस दिवस कोण काय सोडणार? कुणी मटण सोडलं, कुणी चहा. पितांबरची बायको लताबाई बायकांच्या बाकावरून म्हणाली, "यांनी खोटं बोलणं सोडावं." मंडळी खदखदून हसली. पितांबर लाल झाला, उठला आणि म्हणाला, "सोडलं."

उपासना संपल्यावर त्याने पाळकसाहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, रविवार चाळीसात मोजत नाहीत ना?"

"नाही मोजत. पण रविवारी तर तुझं दुकान बंद. खोटं बोलणार कुणाशी?"

"लताशी," पितांबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चुडामण पाटील पँट न्यायला आले.

"झाली का रे?"

"नाही आबा. कापलीसुद्धा नाही."

आबा हसले. पितांबर हसला नाही. "परवा येऊ?" आबांनी विचारलं.

"परवा नाही होणार. बारा तारखेला या."

आबा दुकानातून निघाले ते थेट लताबाईकडे. "वहिनी, याला दवाखान्यात दाखवा. काहीतरी बिनसलंय."

पहिल्या पंधरवड्यात निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या शिंप्याकडे गेली. एका बाईने विचारलं, हा रंग मला शोभेल का, आणि पितांबरने खरं ते सांगितलं. ती तर कापडही विसरून गेली. पण चुडामण आबांना बारा तारखेला सकाळी दहा वाजता पँट मिळाली आणि ते गावभर ती घालून हिंडले. मग लोक परतू लागले. तोंडातून तारीख गेली की पितांबरला पाळावीच लागायची. त्याच्या पायांना मशीनची इतकी सवय कधीच नव्हती.

एका माणसासमोर मात्र त्याचं धैर्य होईना. भिकुबाई म्हणजे जवळच्या खेड्यातली म्हातारी. तिचा मुलगा निंबा सुरतेला कामाला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. 'येईल तेव्हा घालायला' म्हणून तिने त्याच्या जुन्या सदऱ्याच्या मापाने नवा शिवायला टाकला होता. पितांबरने तो आठ दिवसांत शिवला. तोवरच्या उभ्या आयुष्यात वेळेवर झालेला त्याचा तो एकच कपडा! पण ती विचारायला आली तेव्हा त्याला वाटलं, ही सदरा नेईल, पेटीत ठेवेल आणि पेटीकडे बघत बसेल. तो म्हणाला, "उद्या, अक्का." तेव्हापासून दर आठवडे बाजाराला ती यायची, पाणी प्यायची, 'उद्या' ऐकून जायची.

लेंटमध्ये ती दिसली की पितांबर मागच्या दाराने पळायचा. पाच बाजार त्याने असे चुकवले. सहाव्या बाजाराला म्हातारी मागच्याच दाराने आली.

"सदरा व्हयना का रे भाऊ?"

पितांबरने हातातली कात्री खाली ठेवली. "अक्का, सदरा कधीचाच तयार आहे. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

"माले ठाऊक शे," भिकुबाई म्हणाली. "खुंटीवर टांगेल दिसे ना माले! पण तू 'उद्या' म्हणस, ते कानले गोड लागस. वाटस, पोऱ्या उद्या येई."

पितांबरने डोळे पुसले. मग सदरा घडी घालून तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट पाहिला. "एकच खिसा? सुरतना माणूसले दोन लागतस." आणि परत त्याच्या मांडीवर टाकला.

ईस्टरच्या पहाटे पाळकसाहेब कोपरावर रफू केलेल्या जुन्या झग्यात उभे होते. नवा होणार नाही, हे पितांबरने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. मंडळीसमोर आपला अनुभव सांगायची, म्हणजे साक्ष द्यायची, वेळ आली तेव्हा पितांबर पुढे आला.

"त्या बाया येशूच्या कबरेकडे निघाल्या," तो म्हणाला, "तेव्हा कबरेच्या तोंडावरचा दगड कोण सरकवणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी निघाल्या. भिकुअक्का दर बाजाराला तशीच निघते. मी रोज 'उद्या' म्हणायचो, पण माझा त्यावर विश्वास नव्हता. तिचा होता." एवढं बोलून त्याने गीतच सुरू केलं. सूर फार वरचा लागला. मंडळीने कसाबसा गाठला.

निंबा दिवाळीच्या आधी आला, बायकोला घेऊन. सुरतेचं पाणी त्याला चांगलंच मानवलं होतं. सदरा पोटावर बसेना. पितांबरने दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि आत दाबलेलं सगळं कापड मोकळं केलं. भिकुबाई समोर बसून सुनेला सांगत होती, या शिंप्याकडे ब्लाउज टाकशील तर तारीख नीट विचारून घे.