समुद्रगाय आणि सोमवारची पेंढी

आज घरात आलं: गाईचं जंतांचं औषध, एकशे ऐंशी रुपये. सावित्री नदीकाठचं हिरवं गवत मात्र फुकट आलं होतं.

भजनी मंडळातल्या मैत्रिणींनो, सकाळी माझी सायली कॉलेजचा धडा मोठ्याने वाचत होती. समुद्रगाय, म्हणजे पाण्यात राहून गवत खाणारा मोठा प्राणी, म्हणे गाईच्या नात्यातली नाहीच, हत्तीच्या! तिचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात गेले, मागचे पाय गेले, पुढच्या वल्ह्यांवर नखं तेवढी उरली.

"म्हणजे गणपतीच्या घरचीच गो!" मी म्हटलं.

"आई, तिच्या पोटात चपटे जंतही असतात. पाण्यातल्या गवताला चिकटून जातात."

ते ऐकून मला गोठ्यातली गाय आठवली. आमची कपिला चार दिवस गोग्रासाला तोंड लावत नाही. गोठ्यात जाऊन बघितलं, तर जबड्याखाली सूज.

गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "नदीकाठचं गवत घालता ना? तिथल्या गोगलगायींतून चपटा जंत गवतावर येतो, ही सूज त्याचीच."

औषध दिलंय, पण कपिलेने अजून घास घेतलेला नाही.

आणि पुण्य म्हणून त्याच गवताच्या पेंढ्या दर सोमवारी मी तुमच्या गाईंसाठीही दिल्यात. जीव थाऱ्यावर नाही. आत्ताच उठा, गाईच्या जबड्याखाली हात लावून बघा आणि लगेच इथे ग्रुपवर कळवा.